म्हस गाभण हाय ओ, डाक्टर!

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. बेळगावात माणसांच्या रक्ताची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या खिडकीशी मी उभा होतो. हातात बर्फ घातलेला डबा आणि डब्यात एक छोटी नळी. खिडकीपलीकडची मुलगी संगणकावर माहिती भरत होती.

"पेशंटचं नाव?"

"चंद्री."

"वय?"

"सहा."

मुलीचे हात थांबले. प्रोजेस्टेरॉनची तपासणी आणि वय सहा? तिनं चष्म्यावरून माझ्याकडे असं काही पाहिलं की मला घाईघाईनं सांगावं लागलं, "अहो, म्हैस आहे ती!" रांगेत मागे उभे असलेले गृहस्थ मोठ्यानं हसले. शेवटी आतून ओळखीचे डॉक्टर बाहेर आले तेव्हा कुठे नळी आत गेली. लिंग या रकान्यात तिनं 'स्त्री' निवडलं. दुसरी सोयच नव्हती.

वाचकांना वाटेल, म्हशीचं रक्त माणसांच्या यंत्रात कसं चालतं? चालतं, कारण प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, बाई असो, म्हैस असो, शेळी असो की कुत्री, सगळ्यांच्यात अगदी एकच असतं. रेणूत तसूभर फरक नाही. पातळी वेगळी, काम थोडं वेगळं, पण पदार्थ तोच. पाळीव कुत्र्यांसाठी शहरातले आमचे व्यवसायबंधू असंच माणसांच्या प्रयोगशाळेत रक्त पाठवतात. फक्त एक पथ्य पाळायचं. गायीचं रक्त काढून तसंच उबेत ठेवलं तर त्यातल्या रक्तपेशीच प्रोजेस्टेरॉन मोडायला लागतात आणि आकडा खोटा उतरतो. म्हणून रक्तजल लवकर वेगळं करायचं आणि थंड ठेवून न्यायचं. बर्फाचा डबा त्यासाठी.

चंद्री ज्या घरची, त्या घरची ओळख मात्र जुनी आहे. आणि ती ज्या कारणानं झाली, ते आजवर कुठं लिहिलं नव्हतं.

मी बेंगळूरला हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि १९८५ साली नोकरीला लागलो. नेमणूक मलप्रभेच्या काठच्या मुलखात. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात लाल धूळ, आणि घराघरांत म्हशी. बेळगावच्या कुंद्याला लागणारं दूध याच गोठ्यांतून निघतं. जानेवारी १९८७ मध्ये एका गावात वांझ आणि माजावर न येणाऱ्या जनावरांसाठी शिबिर भरलं. एका सकाळी चाळीसेक जनावरं दावणीला. मी सत्तावीस वर्षांचा, हातात नव्यानं आलेलं महागडं औषध, आणि डोक्यात पुस्तक ताजं.

त्या रांगेत एक बाई आपली म्हैस घेऊन उभ्या होत्या. वय पस्तिशीचं. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं, म्हणून मीही. नवरा गेलेला, दोन मुलं, आणि सोसायटीच्या कर्जावर घेतलेली ही एकच म्हैस. खरं तर त्या स्वतःहून आल्याच नव्हत्या. सहा महिन्यांत माज दिसला नाही म्हणून दिरानं पाठवलं होतं.

"म्हस गाभण असंल असं वाटतंय ओ, डाक्टर," त्या म्हणाल्या.

"कृत्रिम रेतन केलंय का? तारीख?"

"न्हाई. पर दिवाळीच्या टायमाला रानात रेड्याबरोबर हुती. तवापास्नं रेड्याला जवळ येऊ देत न्हाई. अंगावर तकाकी बघा की."

मी हसलो असेन. नक्की आठवत नाही, पण त्या वयात हसलोच असणार. गुदद्वारातून हात घालून गर्भाशय चाचपायचं, ही आमची रोजची तपासणी. म्हैस आडदांड, हलत होती, माझा हात सकाळपासून तिसाव्या जनावरात. गर्भाशय खाली उतरलेलं, पुरतं हाताला आलं नाही. पण उजव्या बाजूचा अंडाशय मात्र चिमटीत आला आणि त्यावर टपोरी गाठ लागली. पीतपिंड. निदान तयार! पीतपिंड विरघळत नाही म्हणून माज येत नाही. यावर उपाय नव्या बाटलीत होता. प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन. दिलं. "तीन दिवसांत माजावर येईल, आक्का," असं सांगून पुढच्या जनावराकडे वळलो.

पाचव्या दिवशी आक्का दवाखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या. पदराखाली सागाच्या पानात काहीतरी गुंडाळलेलं. त्यांनी पान उलगडून माझ्यापुढे धरलं. वीतभरही नसेल. पण चार पाय, खूर फुटायच्या बेताचे, मिटलेले डोळे, सगळं जागच्या जागी.

"हे काय हाय बघा, डाक्टर," एवढंच म्हणाल्या.

अडीच महिन्यांचा गर्भ होता. भाद्रपदात व्याली असती.

त्या दिवशी मी काय चुकलो, हे मला तेव्हा अर्धंच कळलं होतं. उरलेलं अर्धं कळायला पुढं कितीतरी वर्षं गेली, आणि ते सगळं त्या एका संप्रेरकाभोवती फिरतं.

गाय असो वा म्हैस, तिचं चक्र साधारण एकवीस दिवसांचं. माज ओसरताना अंडाशयातून बीज सुटतं आणि ते जिथून सुटलं त्या जागी एक गाठ तयार होते. हीच ती पीतपिंड. (गायीत ती खरोखर पिवळी असते. म्हशीत करडी-गुलाबी, कारण म्हैस चाऱ्यातला पिवळा रंग दुधा-तुपातही उतरू देत नाही. पण नाव आपलं पीतपिंडच.) ही गाठ रक्तात प्रोजेस्टेरॉन सोडते. प्रोजेस्टेरॉनचं काम घर सांभाळायचं. गर्भाशयाला शांत ठेवायचं, अस्तर मऊ करायचं, नवा माज रोखून धरायचा. सोळा-सतरा दिवस ते वाट बघतं. कुणी राहायला आलं नाही, तर गर्भाशय स्वतःच एक निरोप पाठवतं आणि त्या निरोपानं पीतपिंड विरते. प्रोजेस्टेरॉन खाली येतं, जनावर पुन्हा माजावर येतं. आपण म्हणतो, 'उलटली'.

गर्भाशयाच्या त्या निरोपाचं नाव प्रोस्टाग्लँडिन. मी बाटलीतून टोचलं, तेच.

आणि कुणी राहायला आलं असेल तर? तेव्हा तो गर्भ धाग्यासारखा लांबट, हाताला न लागणारा. पण सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास तो एक प्रथिन सोडतो आणि गर्भाशयाला तो निरोप पाठवण्यापासून थांबवतो. मी आलोय, घर मोडू नकोस, असं म्हणा हवं तर. हे प्रथिन मेंढीत शोधलं गेलं, आणि ते इंटरफेरॉनच्या जातकुळीचं आहे हे 'नेचर' या नियतकालिकात छापून आलं ते साल १९८७! म्हणजे जगात कुणीतरी गर्भाचं हे बोलणं कागदावर उतरवत होतं, त्याच वर्षी मी इकडे आक्काच्या म्हशीला त्याच्या नेमकं उलट सांगणारं इंजेक्शन देत होतो. पोटातल्या वासराचं म्हणणं अडीच महिने गर्भाशयानं ऐकलं होतं. माझ्या बाटलीपुढं ते चाललं नाही.

माझ्या चिमटीत आलेली ती गाठ म्हणजे रोग नव्हता. ती राखण करत होती.

आता हे प्रोजेस्टेरॉन रक्तात असतं तरी किती? माजाच्या दिवशी एक मिलिलिटर रक्तजलात १ नॅनोग्रॅमपेक्षा कमी. गाभण गायीत पाचाच्या आसपास किंवा त्याहून जास्त, म्हशीत साधारण त्याहून थोडं कमी. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. समजायला सोपं म्हणून सांगतो. उन्हाळ्यात आपल्या गावांना पाणी घालायला येतात तसे दहा हजार लिटरचे शंभर टँकर ओळीनं उभे करा. त्या सगळ्या पाण्यात मिळून चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम, साखर विरघळवा. गाभण गायीच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन असतं ते इतकंच. एवढ्यावर म्हशीचा गर्भ तगतो.

इतकं कमी मोजायचं कसं, हा प्रश्न सोडवला अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. रोझॅलिन यॅलो आणि त्यांचे सहकारी डॉ. सॉलोमन बर्सन यांनी. यॅलोबाईंची पहिली प्रयोगशाळा म्हणजे झाडूवाल्याची खोली होती! किरणोत्सारी खूण लावलेलं संप्रेरक आणि प्रतिपिंडं वापरून त्यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस इन्सुलिन मोजायची पद्धत बसवली. बर्सन १९७२ साली गेले. बाईंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. त्यानंतर रक्तातलं जवळपास कुठलंही संप्रेरक मोजता यायला लागलं, माणसाचं आणि जनावराचंही. १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये तर गायीच्या दुधावरूनच प्रोजेस्टेरॉन मोजून गाभण-रिकामी ठरवायला सुरुवात झाली. सुई टोचायलाही नको. प्रोजेस्टेरॉन स्निग्धात विरघळतं, त्यामुळे ते सायीबरोबर दुधात भरपूर उतरतं. (गृहिणींनी घाबरून जाऊ नये. तोंडावाटे पोटात गेलेलं प्रोजेस्टेरॉन यकृतात बहुतेक मोडून जातं. खरवस खा, कुंदा खा.)

मी १९८७ मध्ये हे सगळं पुस्तकात वाचलेलं होतं. आमच्या दवाखान्यात फ्रीजसुद्धा चालू-बंद असायचा. तेव्हा यॅलोबाईंचं यंत्र म्हणजे चंद्रावरची गोष्ट. बरीच वर्षं मी स्वतःची समजूत काढत होतो की तपासणीची सोय असती तर ते रेडकू वाचलं असतं.

ही समजूत खोटी आहे, आणि तेच मला आज सांगायचं आहे.

समजा त्या सकाळी माझ्या हातात यंत्र होतं. आक्काच्या म्हशीच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन किती निघालं असतं? भरपूर. आणि रिकाम्या पण चक्राच्या दहाव्या दिवसात असलेल्या म्हशीत किती निघतं? तेही भरपूर. एका आकड्यावरून या दोघींत फरक करता येत नाही. मी यंत्राचा कागद बघून म्हणालो असतो, बघा, पीतपिंड आहेच, आणि तीच सुई मारली असती, उलट जास्त ऐटीत.

आकड्याला अर्थ येतो तो तारखेनं. रेतन कधी झालं ते ठाऊक असेल तर एकविसाव्या ते चोविसाव्या दिवशी रक्त किंवा दूध तपासायचं. त्या दिवसांत रिकाम्या जनावराचं प्रोजेस्टेरॉन पडलेलं असायला हवं. पडलेलं असेल तर ती रिकामी, हे जवळजवळ खात्रीनं सांगता येतं. वर असेल तर गाभण असण्याची शक्यता मोठी, पण खात्री नाही. एखादीचं चक्र लांबतं, एखादीच्या गर्भाशयात पू असतो, एखादीचा कोवळा गर्भ नंतर जिरतो. 'नाही' खणखणीत आणि 'हो' जरा पडत्या आवाजात, असा या तपासणीचा स्वभाव आहे. आणि तारीख ठाऊकच नसेल तर? मग आठवड्याच्या अंतरानं तीन नमुने घ्यायचे. चक्र चालू असलेल्या जनावरात तिन्हींपैकी एकदा तरी पातळी खाली सापडतेच. तिन्ही वेळा वर राहिली, तर हात धुऊन, शांतपणे, पुन्हा तपासायचं. इंजेक्शनची बाटली तोवर कपाटात.

आक्कांनी मला तारीख दिली होती. दिवाळीच्या टायमाला. त्यांच्याकडे तिसरा, चौथा, दहावा नमुनाही होता. अडीच महिने रोज संध्याकाळी त्या बघत होत्या की म्हैस रेड्याला जवळ येऊ देत नाही. रक्त न काढता तीच गोष्ट.

हल्ली गावात एक नवीन प्रकार दिसतो. औषधाच्या दुकानातून बायकांसाठीची गर्भतपासणीची पट्टी आणायची आणि त्यावर म्हशीच्या मुताचे थेंब टाकायचे. एका तरुण शेतकऱ्यानं मला मोबाइलवर फोटोच पाठवला, 'सर, एकच रेघ, म्हणजे रिकामी ना?' म्हैस सहा महिन्यांची गाभण होती. ती पट्टी प्रोजेस्टेरॉन मोजत नाही. बाईच्या वारेतून येणारं एक खास संप्रेरक, एचसीजी, ती शोधते. ते माणसात आणि माकडांच्या कुळात असतं. गायी-म्हशीत तसलं काही तयारच होत नाही. पट्टी फुकट, आणि कुणी तिच्यावर विसंबून जनावर बाजारात नेलं तर रेडकूही फुकट.

गंमत म्हणजे माणसं-माकडं सोडली तर असलं संप्रेरक घोड्यांच्या कुळातच सापडतं. कॅलिफोर्नियात कोल आणि हार्ट या दोघांनी १९३० मध्ये गाभण घोड्यांचं रक्तजल कोवळ्या उंदरांच्या माद्यांना टोचून पाहिलं. त्या वयात यायच्या आधीच वयात आल्या! गाभणपणाच्या चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास हे संप्रेरक घोडीच्या रक्तात येतं, सत्तराव्या दिवसाच्या आसपास कळसाला जातं आणि पाचव्या महिन्यापर्यंत जवळपास नाहीसं होतं. मुतात ते उतरत नाही, रक्तच काढावं लागतं. आणि हेसुद्धा फसवतं. एकदा ते तयार व्हायला लागल्यावर पोटातलं शिंगरू दगावलं तरी रक्तात कितीतरी दिवस राहतं. घोडी गाढवाकडून गाभण असेल, पोटात खेचर असेल, तर फारच कमी निघतं.

या रक्ताचं पुढं काय झालं ते वाचून मात्र माझी झोप उडाली होती. घोडीचं हे संप्रेरक डुकरिणी, मेंढ्या, गायी एकाच वेळी माजावर आणायला उपयोगी पडतं, म्हणून त्याचा धंदा झाला. उरुग्वे, अर्जेंटिना आणि आइसलँड या देशांत गाभण घोड्यांचे कळप केवळ रक्तासाठी पाळले गेले. आइसलँडमध्ये अशा सुमारे पाच हजार घोड्या होत्या. आठवड्यातून एकदा पाच लिटरपर्यंत रक्त, एका हंगामात आठ वेळांपर्यंत. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या काही ठिकाणी घोड्यांना मारहाण होत असल्याची चित्रफीत बाहेर आली तेव्हा जगभर ओरड झाली. मी स्वतः नोकरीत या संप्रेरकाच्या बाटल्या वापरल्या आहेत. बाटलीवर घोडीचं चित्र नसतं, म्हणून विचार मनात येत नाही.

कुत्रीचा किस्सा वेगळाच. टिळकवाडीत आमच्या स्नेह्यांकडे लॅब्रॅडोर कुत्री आहे. प्रोजेस्टेरॉन वर आलं म्हणून घरात बारशाची तयारी सुरू झाली. त्यांना सांगावं लागलं की कुत्रीत माजानंतर दोन महिने प्रोजेस्टेरॉन वरच असतं, पिल्लं असोत वा नसोत. म्हणून तर पुष्कळ कुत्र्या पोट रिकामं असताना चिंध्या गोळा करून घरटं करतात, त्यांना दूधही येतं. त्यांच्यासाठी रिलॅक्सिन नावाचं दुसरं संप्रेरक बघावं लागतं. ते वारेतून येतं, त्यामुळे खोटं बोलत नाही. साधारण चार आठवडे झाल्यावर कळतं. बारसं झालं नाही. कुत्री मजेत आहे.

आपल्याकडेही एक घरगुती परीक्षा निघाली होती, तिचं नाव मला फार आवडतं. १९९३ मध्ये कर्नाटकातल्या संशोधकांनी गायीचं मूत्र पाण्यात पातळ करून त्यात गहू भिजत घालून पाहिले. गाभण गायीच्या मुतात गहू नीट मोडावत नाहीत, रिकामीच्या मुतात बरे मोडावतात, असं त्यांना आढळलं. या परीक्षेचं नाव 'पुण्यकोटी'. सीमाभागातल्या ज्या मुलांनी शाळेत कन्नड वाचलं, त्यांना पुण्यकोटी सांगायला नको. वासराला पाजून परत येते असा वाघाला शब्द देणारी आणि खरंच परत जाणारी ती गाय. आश्चर्य असं की तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या इजिप्तमध्ये बायकांसाठी हीच परीक्षा उलटी होती. गहू-जव उगवले तर बाई गरोदर! कैरोत १९६३ साली ती करून पाहिली तेव्हा गरोदर बायकांच्या बाबतीत शंभरातल्या सत्तरवेळा धान्य उगवलं. मी पुण्यकोटी तीनदा करून पाहिली. दोनदा बरोबर, एकदा उंदरांनी गहू खाल्ले.

खरी तपासणी आता बरीच पुढं गेली आहे. वारेतून आईच्या रक्तात येणारी काही खास प्रथिनं अठ्ठाविसाव्या दिवसापासून सापडतात, आणि ती गर्भ असल्याशिवाय येत नाहीत. पण तिथंही तारीख लागते. व्याल्यावर दोन-तीन महिने जुन्या बाळंतपणाची प्रथिनं रक्तात रेंगाळतात. यंत्राला जुनं वासरू आणि नवं वासरू यात फरक कळत नाही. गोठ्यातल्या माणसाला कळतो.

शेवटी व्यायची वेळ कोण ठरवतं, हेही असंच. आपण समजतो आई ठरवते. न्यूझीलंडमध्ये डॉ. लिगिन्स यांनी १९६०च्या दशकात मेंढ्यांवर दाखवून दिलं की कोकरू ठरवतं. पोटातल्या पिल्लाच्या मूत्रपिंडाशेजारच्या ग्रंथी पिकल्या की त्यांतून कॉर्टिसॉल सुटतं आणि त्या धक्क्यानं आईचं प्रोजेस्टेरॉन उतरू लागतं. गायीतही क्रम असाच. व्यायच्या आधल्या एक-दोन दिवसांत प्रोजेस्टेरॉन कोसळतं, अंगाचा ताप किंचित उतरतो, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खळगा पडतो. इतके महिने जपलेलं घर तिथं मोडतं. आणि ते मोडायला शरीर पुन्हा तेच वापरतं, प्रोस्टाग्लँडिन. तेव्हा मात्र ते वेळेवर आलेलं असतं.

आक्काच्या म्हशीनं त्या वर्षी पुन्हा गाभ धरला नाही. उन्हाळ्यात म्हशी माज दाखवत नाहीत. पुढची दिवाळी यावी लागली. म्हणजे अख्खं वर्ष दूध नाही आणि सोसायटीचा हप्ता चालू. मी त्यांच्या घरी गेलो होतो, फेब्रुवारीत, खिशात पगारातले तीनशे रुपये घेऊन. त्यांनी ते घेतले नाहीत. वरच्या साहेबांकडे तक्रार करा, मी लिहून देतो, असंही मी म्हणालो. "तक्रार करून काय हुतंय?" म्हणाल्या. मग चुलीवर चहा ठेवला. कोरा. घरात दूध नव्हतं. तो चहा मी उभ्यानं प्यालो. तसला कडू चहा पुन्हा प्यालो नाही.

नंतर माझी तीन तालुक्यांत बदली झाली. पण त्या बाजूला गेलो की आक्काच्या गोठ्यात डोकावल्याशिवाय आलो नाही. एकाच्या चार म्हशी झाल्या, थोरला मुलगा दूध संघात चिकटला, सून घरात आली. २०२० साली मी निवृत्त झालो. आक्का आता पंचाहत्तरीला टेकल्या आहेत, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण धारेला अजून त्याच बसतात. चंद्री त्यांच्या पहिल्या म्हशीच्या वंशातली. गेल्या २० नोव्हेंबरला तिला कृत्रिम रेतन केलं. सुनेनं कालनिर्णयवर त्या तारखेला लाल रेघ मारून ठेवली. एकवीस दिवस झाले, माज दिसला नाही. बाविसाव्या दिवशी, १२ डिसेंबरला, मी रक्त काढलं.

अहवाल दुसऱ्या दिवशी आला. प्रोजेस्टेरॉन ४.१. शेजारी बारीक अक्षरात स्त्रियांसाठीच्या पातळ्या छापलेल्या, मासिक पाळीच्या पहिल्या भागात इतकी, दुसऱ्या भागात इतकी. कागद घेऊन मी गावाला गेलो. आक्का गोठ्याच्या दारात वैरण कातरत बसल्या होत्या.

"गाभण असावी, आक्का," मी म्हणालो. "पण खात्री अजून नाही. फेब्रुवारीत हात घालून बघू."

त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि माझ्याकडे परत दिला.

"असावी म्हंजे काय ओ, डाक्टर? गाभण हाय. मी सांगते की." आणि आत बघून सुनेला हाक मारली, "चहा ठेव गं. सायीचं दूध घाल."

फेब्रुवारीत पाहिलं. वेळ घेऊन, म्हैस शांत झाल्यावर. आहे. सुनेनं सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याभोवती पेन्सिलीनं गोल काढून ठेवला आहे.